सध्या बंद

आमच्या सासऱ्यांना अख्खा बाजार ‘काटेकोर’ म्हणतो. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला याहून शोभणारं नाव शोधूनही सापडलं नसतं. ते कोणी ठेवलं हे मात्र कोणी कबूल करत नाही. बाबांना त्याचा राग नाही. त्यांची तक्रार एवढीच, की काटेकोर हे विशेषण आहे, ते नाम म्हणून वापरू नये.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चौथ्याच दिवशी मला दुकानात पाठवलं. म्हणाल्या, मी तीस वर्षं यांचं ऐकलं, आता तू ऐक. मला वाटलं, दोन-चार महिने बसेन आणि सुटेन. त्याला सोळा वर्षं झाली. सासूबाई मध्येच देवाघरी गेल्या आणि मी बाबांच्या शेजारच्या स्टुलावर राहिले ती राहिलेच. चिमटा कसा धरायचा, दांडीचा तोल कसा साधायचा, स्क्रूचा शेवटचा पाव फेरा डोळ्यांनी नव्हे तर बोटांनी कसा ओळखायचा, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. ओरडले कधीच नाहीत. चुकलं की नुसतं ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’पेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते कळणारच आहे. माझ्या वडिलांशी माझं कधी पटलं नाही. बाबांशी पटलं, आणि इतकं पटलं की यांच्याशी लग्न केलं ते बाबांसाठीच, असं हे चारचौघांत सांगतात. मीही ते नाकारत नाही.

नऊ वर्षांपूर्वी बाबांचं पोट बिघडलं आणि महिनाभर बिघडलेलंच राहिलं. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉलही वाढलेलं निघालं. तेव्हाचे आमचे डॉक्टर कायम घाईत असायचे. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘दूध, अंडी, मांस, मासे सध्या बंद.’ बाबांनी विचारलं, सध्या म्हणजे किती? डॉक्टर दाराकडे बघत म्हणाले, मी सांगेन तोवर. दोन महिन्यांनी डॉक्टर दवाखाना आवरून मुलीच्या गावी राहायला गेले आणि सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या कोणी तिसऱ्या आठवड्यातच चहात दूध ओतून घेतलं असतं. बाबांनी ती चिठ्ठी कामाच्या टेबलावर काचेखाली ठेवली. दूध बंद म्हणजे दही बंद, लोणी बंद, दुधाचं काहीही बंद. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ते भिंगाखाली धरून वाचायचे. आणि मी? मी त्यांच्याहून वरचढ. त्यांच्या कोऱ्या चहाचं पातेलं वेगळं, भाजीचा चमचा वेगळा. एकदा त्यांच्या वाढदिवसाला यांनी चमचाभर दूध त्यांच्या चहात घातलं, तर मी तीन दिवस यांच्याशी बोलले नाही. भात, भाज्या, पाव, कोरा चहा; पोट दोन्ही वेळा भरत होतं आणि कोलेस्टेरॉल खाली आलं होतं. मला स्वतःचा भारी अभिमान वाटायचा.

बदल कधी सुरू झाला ते सांगता येत नाही, इतका तो हळू आला. आधी बाबा थकायला लागले. मग जिने चढताना भिंत धरायला लागले. रस्त्यातून चालताना एका पायातली चप्पल मागे राहायची आणि ते तसेच पुढे जायचे. मी मागून चप्पल घेऊन पळायचे आणि रागवायचे, आणि ते पायाकडे असे बघायचे जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा आहे. स्क्रू हातातून निसटायचे. गिऱ्हाइकांची नावं निसटायची. ज्या औषधविक्रेत्याचा काटा चाळीस वर्षं दुरुस्त केला, त्याला एकदा त्यांनी विचारलं, आपलं काय काम होतं?

हे म्हणाले, साठी बुद्धी नाठी. मी म्हटलं, त्यांना बहात्तरावं लागलंय, म्हणजे बारा वर्षं उशीरच झाला की. दोघंही हसलो. आता ते हसू आठवलं तरी माझी मला चीड येते.

मग आला बाळांचा काटा. आरोग्य केंद्रात लहान मुलांची वजनं घेतात ना, झोळीत बाळ ठेवून वर टांगायचा गोल तबकडीचा काटा, तो. वर्षातून एकदा तो आमच्याकडे तपासायला येतो. बाबांनी तो उघडला, साफ केला, शून्यावर आणला आणि तपासणीच्या कागदावर सगळ्या खुणा केल्या. एक किलो, दोन किलो, पाच किलो अशी प्रमाणित वजनं लावून बघायची असतात. त्यांच्या खुणा बघून मी ‘तपासले’चा शिक्का मारला. सोळा वर्षं असंच चाललं होतं. बाबांची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दहा दिवसांनी केंद्रातल्या सिस्टर काटा काखेत मारून दुकानात शिरल्या. उंच, सडपातळ बाई, आवाज मात्र दोघींएवढा. त्यांनी काटा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, माझ्या केंद्रातली अकरा मुलं एका आठवड्यात तीनशे-तीनशे ग्रॅमने वाढली. अकराच्या अकरा. असं कोणतं टॉनिक घातलंत यात?

मी भांडायला उभीच राहिले. आमच्या दुकानातून चुकीचा काटा गेला, असं या रस्त्यावर कोणी बोललं नव्हतं. म्हटलं, तुमचीच झोळी ओली असेल. सिस्टरांनी काटा खुंटीला टांगला आणि आमचंच दोन किलोचं वजन त्याला लावलं. सुई दोन किलो तीनशेवर जाऊन थांबली.

बाबा खुर्चीतून उठले, सुईजवळ गेले, भिंग लावून बघितलं. मी त्यांच्या ‘हं’ची वाट बघत होते. तोही आला नाही. ते एवढंच म्हणाले, “मी वजनं लावून बघितली होती का, सूनबाई? मला आठवत नाही.”

शून्याचा स्क्रू जास्त फिरला होता. बोटांना तो कळला नव्हता, वजनं लावायची राहिली होती आणि खुणा मात्र हाताने सवयीने करून टाकल्या होत्या. सिस्टर सांगत होत्या, की ज्या मुलांना जादा खाऊ आणि औषधं सुरू व्हायला हवी होती, ती आमच्या काट्यामुळे कागदावर धडधाकट झाली. बाबा टेबलाकडे परत यायला वळले. चपला दाराशीच होत्या आणि ते अनवाणी होते. जमिनीवर पितळेचा एक छोटा बोल्ट पडला होता; त्यांनी त्यावर सगळा भार देऊन पाय ठेवला आणि तसेच पुढे चालत आले.

सिस्टरांचं बोलणं अर्ध्यात थांबलं. त्यांनी खाली वाकून बोल्ट उचलला, बाबांच्या तळव्यावरचा खड्डा बघितला आणि विचारलं, दुखलं नाही? बाबा म्हणाले, काय? मग सिस्टर म्हणाल्या, “आधी जीभ दाखवा.”

“जिभेने मी काही चुकीचं बोललो का?” बाबांनी विचारलं. पण दाखवली. लालभडक आणि गुळगुळीत, कुठे खरखर म्हणून नाही. रोज दोन्ही वेळा त्यांना जेवायला वाढणाऱ्या मला ती जीभ कधी दिसली नव्हती. सिस्टरांनी डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि पायांना मुंग्या येतात का ते विचारलं.

बाबा म्हणाले, “यायच्या. आता त्याही गेल्या.”

मग खाण्याचं विचारलं. बाबांनी काचेखालची चिठ्ठी दाखवली. सिस्टरांनी ती दोनदा वाचली, तारीख बघितली, आणि मला वाटलं आता या ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, नऊ वर्षं? मी मान डोलावली.

त्यांनी तिथेच समजावून सांगितलं. बी-ट्वेल्व्ह नावाचं एक जीवनसत्त्व असतं, ते दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. जे कोणी हे खात नाहीत त्यांनी गोळी घ्यायची, किंवा ते मिसळलेलं अन्न घ्यायचं, म्हणजे काही अडत नाही. शरीराकडे साठा असतो, म्हणून दोन-चार वर्षं काहीच कळत नाही. साठा संपला की नसा वाळायला लागतात, स्मरण जातं, आणि घरचे म्हणतात म्हातारपण. जगात कुठेही जा, हेच चाललंय, त्या म्हणाल्या. कुठे लोह कमी, कुठे आयोडीन, कुठे अ जीवनसत्त्व. पोट भरलेलं असतं म्हणून कोणाला उपासमारीचा संशय येत नाही. केंद्रातली ती अकरा मुलंही रोज जेवतातच.

बाबांनी एवढंच विचारलं, त्या अकरा मुलांना पुन्हा कधी बोलवणार? सिस्टर म्हणाल्या, उद्या. पण तुम्ही आधी रक्त द्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं केंद्रात गेलो. काटा मी नव्याने लावला होता, वजनं मी तीनदा लावून बघितली होती आणि सिस्टरांनी चौथ्यांदा. बाबा काठी टेकून झोळीच्या शेजारी उभे राहिले आणि एकेका आईला सांगत गेले, “मागचं वजन चुकलं, ती चूक माझी.” मी त्यांना थांबवायला बघत होते. कोणी विचारत नव्हतं, कोणाला काट्यातलं कळतही नव्हतं. पण ते अकरा वेळा म्हणाले. चार मुलं कमी भरली. त्यांतल्या एका मुलीच्या आजीने बाबांचं सगळं ऐकून घेतलं, त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आपली खुर्ची पुढे सरकवली. म्हणाली, “पोरीचं आम्ही बघू हो, आधी तुम्ही बसा.”

परत आल्यावर बाबांनी मला दुकानावर पाटी लावायला सांगितली. लिही, दुकान कायमचं बंद. मी खडूने लिहिलं, दुकान सध्या बंद. त्यांनी विचारलं, सध्या म्हणजे किती? मी म्हटलं, मी सांगेन तोवर. त्या दिवसात पहिल्यांदा त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

रक्ताचा कागद आला. निदान दोनशे हवं तिथे नव्वद. कशाचे नव्वद, हे बाबांनी केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. पिकोग्रॅम, त्या म्हणाल्या. म्हणजे ग्रॅमचा कितवा भाग? एक लाख कोटीवा. बाबांनी मला कागदावर शून्यं मांडायला लावली, मोजली, आणि मान हलवून म्हणाले, एवढं लहान वजन माझ्याकडे नाही. मग विचारलं, माणसाला रोज किती लागतं? अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास, असं उत्तर आलं. घरी आल्यावर त्यांचा गुणाकार संध्याकाळपर्यंत चालला. तीनदा चुकला आणि चौथ्यांदा बरोबर आला. तेव्हा त्यांनी मला सोनाराचा छोटा काटा काढायला सांगितला आणि त्यावर तांदळाचे दाणे ठेवायला सांगितले. एक, दोन, तीन. पासष्ट मिलिग्रॅम.

“बहात्तर वर्षांचं सगळं मिळून एवढंच लागतं,” बाबा म्हणाले. “तीन दाणे. आणि मी तेवढंही घेतलं नाही.”

माझा बांध फुटला. चिठ्ठी तुम्हाला डॉक्टरांनी दिली होती, पण पातेलं मी वेगळं ठेवलं, मी म्हटलं. यांनी दूध घातलं तर मी भांडले. अति तेथे माती म्हणतात, ती माती मी माझ्या हाताने तुमच्या ताटात वाढली. बाबांनी माझं रडणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, “तू बरोबरच तोललंस, पोरी. माप मी चुकीचं दिलं होतं.”

इंजेक्शनं सुरू झाली. आधी दिवसाआड, मग आठवड्याला. दूध-अंडी सुरू करा म्हटलं तर बाबांनी लेखी मागितलं. सिस्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि तिच्यात ‘कायम’ हा शब्द दोनदा अधोरेखित केला. पहिला दुधाचा चहा मी केला, साईसकट. एक घोट घेऊन ते म्हणाले, नऊ वर्षं तू मला गरम पाणी पाजत होतीस, हे मी कोणाला सांगणार नाही.

महिनाभरात गालांवर रंग आला. दुसऱ्या महिन्यात नावं परत आली. औषधविक्रेत्याला त्यांनी स्वतः हाक मारली आणि माफी मागितली. मी स्टुलावर बसून दुकानात पडून असलेले आमचेच काटे दुरुस्त करत होते आणि पाठीमागून पुन्हा ‘हं’ ऐकू यायला लागला. त्या ‘हं’ने मला इतका आनंद झाला, की मी मुद्दाम एकदा चुकले.

बोटं मात्र तशीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की डोकं लवकर सुधारेल, नसांचं सांगता येत नाही. फार उशीर झाला असेल तर त्या परत येत नाहीत. आमचा परवाना वर्षअखेरीस नवा करायचा होता आणि त्यासाठी निरीक्षकांसमोर परवानाधारकाने स्वतःच्या हाताने काटा लावून दाखवायचा असतो. परवाना बाबांच्या नावावर. रोज सकाळी ते खिडकीशी बसून अंगठा तर्जनीवर घासत बसायचे आणि मी बघितलं की हात खिशात घालायचे.

आमचे हे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आहेत. यांचा जन्म अर्ज भरण्यासाठीच झाला आहे. चौथ्या महिन्यात यांनी परवाना परत करायचा अर्ज आणला, भरला, आणि बाबांनी त्यावर मुकाट्याने सही केली. मी घर डोक्यावर घेतलं. तुम्हाला दुकानाची कधी माया नव्हती, इथपर्यंत बोलले. यांनी ते ऐकून घेतलं. हे रोज संध्याकाळी बाबांचे पाय मांडीवर घेऊन चोळतात, हे मी त्या वेळी विसरले होते. म्हणाले, “ते रोज बोटं घासून बघतात आणि रोज काहीच लागत नाही. ते मला बघवत नाही गं. संपू दे एकदाचं.” अर्ज गुरुवारी द्यायचा ठरला.

बुधवारी दुपारी मी दुकानात एक जुनं पितळी वजन कानशीने घासत होते. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून. हे जेवणाच्या सुट्टीत अर्ज न्यायला आले होते आणि दाराशी फाईल चाळत उभे होते. बाबा माझ्या टेबलावरचा पितळेचा कीस हाताने एका बाजूला लोटत होते. घाण त्यांना खपत नाही. लोटता लोटता थांबले. हात उचलला, उजेडाकडे धरला आणि बोट माझ्यापुढे केलं.

“हे बघ गं जरा. काहीतरी टोचतंय.”

मी चष्मा लावला. काही दिसेना. भिंग घेतलं, त्यातही काही दिसेना. बोट खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं तेव्हा तर्जनीच्या टोकावर एक चमक दिसली. पितळेचं कुसळ, केसाहून बारीक. माझ्या डोळ्यांना भिंगातूनही धड दिसत नव्हतं, ते त्यांना लागलं होतं.

चिमटा समोरच होता, पण मी तो घेतला नाही. बाबांचं मनगट धरलं आणि त्यांना तसंच कुसळ बोटात असताना दाराशी ओढत नेलं. बाबा म्हणत होते, अगं आधी काढ तरी. मी यांच्या फाईलवर ते बोट ठेवलं आणि म्हटलं, बाबांना टोचतंय.

यांनी बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. फाईल काखेत गेली. बाबांचा हात यांनी दोन्ही हातांत धरला, जसा आपण लहान मुलाचा धरतो, आणि यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली गेला.

“दुखतंय, बाबा?”

बाबांनी डोळे मिटले. कोणी काही विचारलं की ते आधी नीट तोलून बघतात, मगच सांगतात.

“फार नाही,” ते म्हणाले. “पण आहे.”